मानीबाईची बिनधुराची न्याहारी

माझं निम्मं आयुष्य फोडण्या देण्यात गेलं. तक्रार नाही, पण कुठंतरी सांगून ठेवावं म्हणते. आमचे हे, नीळकंठ मास्तर, बोरी अरबच्या शाळेचे हेडमास्तर. शाळेत वाघ, आणि घरी भात जरा निवला की तोंड एवढंसं. वरण वाफाळतं हवं, पोळी तव्यावरून थेट ताटात हवी. त्यामुळे एक बाई उघड्या डोळ्यांनी ठरवते की सकाळी चूल पेटवायचीच नाही, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती वेडी वाटली. नंतर तिचा हेवा वाटला, तो अजून गेलेला नाही.

तिचं नाव मानीबाई. गावापासून दीड कोसावर, नदीपलीकडं बंजाऱ्यांचा तांडा, तिथली. तिच्या आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुख पालथा घातला होता. पुढं बैल थांबले, जमीन आली, शेती आली. मानीबाईचे पाय मात्र थांबले नव्हते. नवरा लवकर गेला, मुलगा देवीलाल बैलगाडी हाकायचा, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत तांड्यातल्या बाया मानीबाईच्या मागं शेतावर जायच्या. ती पुढं चालली की मागच्यांना पळावं लागे.

एकोणसाठची दिवाळी झाली आणि ही बाई सुनेला घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसली. सून सोनीबाई, केळापूरकडच्या तांड्यातली, नवीन लग्न झालेली. माहेरी चौथी पास झाली होती. मान खाली, पण डोळे भिंतीवरच्या नकाशावर.

"मास्तर," मानीबाई म्हणाली, "आमच्या तांड्यात शाळा आहे, मास्तर नाही. जो येते तो दसऱ्याच्या आंधी पळते. पोट्टे आमची गोरबोली बोलते, त्याले समजत नाही. तो बोलते ते पोट्ट्यांले समजत नाही. हे माही सून सातवी झाली तं हेच मास्तरीण नाही होणार?"

ह्यांनी चष्मा काढून पुसला. विचारात पडले की तेवढंच करतात. "होईल. बाहेरून परीक्षेला बसवता येईल, एप्रिलात. पण मला वेळ फक्त सकाळी. सूर्य उगवायला इथं हजर पाहिजे, रोज. खाडे झाले तर मी फॉर्म भरणार नाही."

"येईन ते," मानीबाई म्हणाली. सोनीला कुणी विचारलंच नाही, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर विचारायची गरजही नव्हती.

आता अडचण अशी, की सकाळ एक आणि तिचे मागणारे फार. उठायचं, जात्यावर ज्वारी दळायची, पाणी आणायचं, चूल फुंकायची, न्याहारीच्या आणि शेतावर न्यायच्या बाट्या थापायच्या. बाटी म्हणजे आपली भाकरच. एवढं उरकून सोनी निघाली तर आमच्याकडे पोचायला ऊन डोक्यावर येणार. सासूनं दळायला बसावं तर वेचणी बुडणार. दोन दिवस सोनी धापा टाकत आली, पिठाचे हात तसेच, आणि दोन्ही दिवस ह्यांनी घड्याळ दाखवलं. तिसऱ्या दिवशी ती पोचली तेव्हा मी अजून सडा टाकत होते.

"आज दळण?" मी विचारलं.

"याडी म्हणे, सकाळी खाणं सोडाचं नाही, शिजवणं सोडाचं," सोनी म्हणाली. याडी म्हणजे आई. सासूला ती तेच म्हणे.

मानीबाईनं काय केलं होतं, ते मी पुढं डोळ्यांनी पाहिलं. मूग नाहीतर मोट, म्हणजे आपली मटकी, सकाळीच भिजत घालायची, संध्याकाळी ओल्या फडक्यात बांधून आढ्याला टांगायची. दुसऱ्या दिवशी उठेपर्यंत फडक्यातून मोड डोकावत. त्यात कांदा हातानंच फोडून, हिरवी मिरची, मीठ, वरून कच्च्या तेलाची धार. शेतात जे हाताशी येईल ते जोडीला: वाळूक, मुळा पाल्यासकट, पातीचा कांदा, हरभऱ्याची कोवळी आंबट पानं, तुरीच्या ओल्या शेंगा. कधी पोह्यांना तेल-तिखट चोळून कच्चा चिवडा. मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा पदराला. सगळं मिळून आमच्या घरच्या फोडणीत मोहरी तडतडायला लागतो तेवढा वेळ. गरम जेवण संध्याकाळी, सगळ्यांनी बसून, पोटभर.

पण पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. तांड्यात सकाळी प्रत्येक छपरातून धूर निघतो. ज्या घरातून निघत नाही, त्या घरात माणूस गेलेलं असतं. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत; शेजारी न सांगता समजतात आणि येतात. शेजारच्या सुखीबाईनं उजाडता उजाडता मानीबाईच्या छपराकडे पाहिलं. धूर नाही. तिनं कपाळावर हात मारून गळा काढला. तो ऐकून दुसरीनं, मग तिसरीनं. बाया रडत दारात आल्या तर मानीबाई उंबऱ्यावर बसून मोट चावत होती.

"कोण गेलं वं?" सुखीबाईनं हुंदका अर्धा ठेवून विचारलं.

"कायले कोणी जाते? बस. खाऊन पाह्य."

तोवर कुणीतरी शहाणा पलीकडच्या तांड्यात निरोप घेऊन धावला होता. दुपारी मानीबाईचा भाऊ हिरासिंग डोळे पुसत हजर. बहीण गेली म्हणून आला होता, तर बहिणीनंच त्याला पाण्याचा तांब्या दिला. तो असा काही चिडला, जणू जिवंत राहून तिनं त्याचा अपमानच केला! मग भूक लागली होती म्हणून मोडाची मोट खाल्ली, दोनदा मागून घेतली, आणि जाताना पुन्हा चिडला.

हसण्यावारी गेलं असतं, पण तांड्याचे नायक शंकरसिंग हसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी मानीबाईला लिंबाखाली बोलावलं, चार म्हातारे बसवले. माणूस वाईट नव्हता, पण जे चालत आलं ते मोडलं की त्यांना झोप लागत नसे.

"जित्या माणसाच्या घरी थंडी चूल अपशकुन असते," ते म्हणाले. "तुह्या घरापायी साऱ्या तांड्यावर काही आलं तं? सकाळी धूर निघालाच पाह्यजे."

"धूर पाह्यजे?"

"हो."

"निघन," मानीबाई म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या छपरातून धूर निघायला लागला. चुलीत एक गोवरी, वर काहीच नाही. गोवरी आपली धुमसत बसे, सोनी तोवर नदी ओलांडून अर्ध्या वाटेत. नायक रोज सकाळी बाहेर येऊन तो धूर पाहायचे आणि समाधानानं दात घासायचे. सुखीबाईला खरं काय ते ठाऊक होतं. ती बोलली नाही, कारण एव्हाना तिच्याही चुलीत एकच गोवरी होती.

मला हे सोनीकडून कळलं तेव्हा मी ओसरीवर पोट धरून हसले. आणि मला वाटलं, आपणही करून पाहावं. मोड आणलेले मूग, काकडी, खोबरं, लिंबू, छान ताट मांडलं. ह्यांनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आज कसला उपास?" म्हणाले. खाल्लं सगळं, आणि मग विचारलं, "जेवण कधी?" तिकडं सुतक, इकडं उपास, न शिजवलेल्या अन्नाला आपल्याकडे सरळ जेवण म्हणायला कुणी तयार नव्हतं.

सोनी मात्र शिकत होती. गणितात पक्की, भूगोलात त्याहून पक्की, मराठीत अडायची. आपल्या भाषेतून आमच्या भाषेत येताना तिची वाक्यं दारातच चप्पल शोधत उभी राहायची. हे कधी नव्हे ते कुणावर खूश होते. फेब्रुवारीत त्यांनी फॉर्म भरला.

आणि ऊन तापायला लागलं. थंडीत जे फडकं चालत होतं ते उन्हाळ्यात चालेना. एका सकाळी मोट चिकट झाली होती, वास धरला होता. मानीबाई घाईत होती, तिनं पाहिलं नाही. देवीलालनं खाल्ली आणि गाडी निम्म्या वाटेत सोडून आडवा झाला. दोन दिवस पोट धरून होता. तांड्यात लगेच झालं: पाहा, थंड्या चुलीचा कोप. गोवरीचं गुपितही फुटलं. नायक घरी आले आणि या वेळी मानीबाईला नाही, सोनीला बोलले.

"नवरा आजारी, आन् बाई पुस्तक घेऊन चालली. तुले मास्तरीण व्हाचं आहे का रांडपण पाह्यचं आहे?"

फार वाईट बोलले. मला अजून राग येतो.

सोनी त्या दिवशी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या सकाळी ह्यांनी ओसरीवर दोन फेऱ्या मारल्या आणि मला म्हणाले, "तू जाऊन ये." ह्यांच्या तोंडून ही विनंती होती. त्या दिवशी वरण-भात निवला तरी चालणार होता, असं दिसलं.

मी पोचले तेव्हा सोनी जात्यापाशी बसली होती, समोर सुपात ज्वारी, डोळे सुजलेले. पण दळत नव्हती. कारण जात्याला खुंटा नव्हता. जो हातात धरून जातं फिरवतात तो लाकडी खुंटाच गायब.

"याडीनं काढून नेला," ती म्हणाली. "मी रात्री सांगतलं का मी आता शिकत नाही, बाट्या करीन. सकाळी पाह्यते तं खुंटा नाही. कमरेले खोचून शेतात गेली."

मी हसू की रडू अशी झाले. कोपऱ्यात देवीलाल पडला होता, आता बरा होता, ताक पीत होता. तो म्हणाला, "मास्तरीणबाई, तिले घेऊन जा. माहं पोट बिघडलं, थे फडक्यापायी. तिची परीक्षा काहून बिघडाची?"

हे वाक्य त्याचं की आईनं पढवलेलं, मी विचारलं नाही. सोनीनं तोंड धुतलं, पुस्तकं घेतली. वाटेत शेताच्या बांधावर मानीबाई भेटली. कमरेला खरंच खुंटा होता. आम्हाला पाहून ती थांबली, आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा मला भीती दिसली.

"चूक माहीच आहे वं सोनी," ती म्हणाली. "उन्हाळ्यात मोड नाही ठेवाचे. आता कच्चे पोहे, कैरी, कांदा. नासाचं काहीच नाही. तू फक्त जा. तू नाही गेली तं मी कायले एवढ्याईची बोलणी खाल्ली?"

सोनी तिच्या गळ्यात पडली. मी वाळकाच्या वेलाकडे पाहत उभी राहिले.

एप्रिलात परीक्षा झाली, पावसाळ्याच्या तोंडी निकाल लागला. सोनी पास. मराठीत काठावर, बाकी उत्तम. मग दोन वर्षं थांबावं लागलं. जिल्हा परिषद आली आणि तांड्याच्या शाळेवर सोनीबाईची नेमणूक झाली. मुलांना गोरबोलीत हाक मारून मराठीत वाचायला लावणारी मास्तरीण दसऱ्याच्या आधी पळाली नाही. पळणार कुठं, तिचं घर तिथंच. पहिल्या दिवशी नायकांनी आपला नातू बोटाला धरून आणून वर्गात बसवला. नातवाच्या खिशात भिजवलेले हरभरे होते.

कारण एव्हाना ती रीतच झाली होती. वेचणीच्या दिवसांत आधी निम्म्या, मग साऱ्या तांड्यात सकाळी चूल नसे, आणि आता गोवरीचं नाटकही कुणी करत नसे. बाया उजाडता शेतात, मुलं वेळेवर शाळेत. आमच्या घरी म्हणाल तर गुरुवारची सकाळ माझी. हे अजूनही विचारतात, "आज उपास ना?" मी हो म्हणते. संसार असाच चालतो.

मानीबाई सदुसष्टच्या हिवाळ्यात गेली. रात्री जेवली, झोपली, पहाटे उठली नाही. हे सोनीनं मला नंतर सांगितलं, आमच्या त्याच ओसरीवर बसून.

देवीलाल भाड्याची गाडी घेऊन नेरला गेला होता, परतायचा होता. सोनीनं सासूचे डोळे मिटले, अंगावर लुगडं नीट केलं आणि रीतीप्रमाणे चूल न पेटवता दारात बसली. आता धूर दिसणार नाही, शेजारी समजतील, येतील. उजाडलं. ऊन अंगणात आलं. कुणीच आलं नाही. बाया डोक्याला फडकी बांधून समोरून शेताकडे निघाल्या, तिच्याकडे पाहून हसल्या. तिनं मान वर करून तांडा पाहिला, तर एकाही छपरातून धूर निघत नव्हता.

मग तिला स्वतःच उठावं लागलं. सुखीबाई दारात पदराला शेंगदाणे बांधत होती.

"काकी, याडी गेली."

सुखीबाईनं जुन्या सवयीनं आधी छपराकडे पाहिलं. मग तिथंच खाली बसली. "आन् मले समजलं कसं नाही वं," एवढंच म्हणत राहिली.

त्या दिवशी वेचणी झाली नाही. नायक काठी टेकत आले, खूप रडले. दुपारी देवीलाल पोचला; माती देऊन माणसं परतली तेव्हा दिवस कलला होता. सोनीनं सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. सुखीबाई तिच्यासाठी बाटी आणायला वळली आणि आढ्याकडे पाहून थांबली. आदल्या संध्याकाळी मानीबाईनं बांधलेलं फडकं तिथं टांगलेलं होतं. तिनं ते सोडलं. मुगाला बोटाच्या पेराएवढे मोड आले होते.

सुखीबाईनं वास घेऊन पाहिला, मीठ टाकलं आणि मूठभर सोनीच्या तोंडाशी धरले.

"खाय," ती म्हणाली. "सासूनं करून ठेवलं आहे."