सिंकखालचं पातेलं

ऑफिसात त्यांना सगळे पोपडे म्हणत. ते त्यांचं आडनाव नव्हतं. ओलीने फुगलेल्या भिंतीवरचे रंगाचे पोपडे ते चिमट्याने काढून पाकिटात भरत आणि पाकिटावर तारीख, घर, खोली लिहीत. नाव इतकं पक्कं बसलं की एका ग्राहकाने ‘माननीय पोपडेसाहेब’ असा मायना घालून चार पानी तक्रार पाठवली. उत्तर त्यांनी खऱ्या नावाने सही करून दिलं. त्यावर ग्राहकाचं दुसरं पत्र आलं: आमचं प्रकरण पोपड्यांकडेच द्या, हे मधले गृहस्थ कोण?

घरविम्याचे सर्व्हेअर म्हणून त्यांनी एकतीस वर्षं काम केलं. त्यातली बरीचशी फुटलेल्या पाइपांत गेली. नियम साधा होता. पाइप अचानक फुटला आणि नुकसान झालं तर कंपनी भरपाई देते. पाइप हळूहळू गळत होता आणि घरच्यांनी काणाडोळा केला, तर देत नाही. यातलं काय घडलं ते ठरवून लिहिणं, हे पोपड्यांचं काम.

ते घरात शिरले की बसत नसत, पाणी दिलं तरी घेत नसत. आधी पाइप पाहायचा, मग माणसांचं ऐकायचं, असा त्यांचा क्रम. बाकीचे सर्व्हेअर आधी जबाब घेत, कारण ते सोपं पडतं. पोपडेही सुरुवातीला तसंच करत.

नोकरीच्या चौथ्या वर्षी ते एका निवृत्त मास्तरांकडे गेले होते. भिंतीतला पाइप फुटून मास्तरांची पुस्तकांची खोली भिजली होती. स्वयंपाकघरात सिंकखाली बादली होती. पोपड्यांनी विचारलं, मास्तरांनी खरं ते सांगितलं: बादली दोन महिन्यांपासून आहे. पोपड्यांनी वाक्य उतरवून घेतलं, भिंत न पाहता क्लेम नाकारला आणि तसं पत्र गेलं. सहा महिन्यांनी शेजारच्या घरी काम निघालं, तेव्हा मास्तरांची भिंत अजून उघडीच होती. ती बुजवणं त्यांना जमलं नव्हतं. आतला जुना पाइप वीतभर लांबीला चिरला होता, कडा बाहेर वळल्या होत्या. दाबाने फुटलेला पाइप असाच दिसतो. बादली होती ती सिंकच्या सांडपाण्याच्या पाइपाखाली. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

पोपड्यांनी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, “मुदत केव्हाच गेली. आता मढी उकरू नका.” मास्तरांना पोपड्यांनी स्वतःही कधीच काही सांगितलं नाही. पुढे मास्तर वारल्याचं कळलं.

निवृत्तीला सात महिने राहिले असताना शिलाई करणाऱ्या एका बाईंचा अर्ज आला. बाई घरीच शिवत. नवरा नव्हता, सासू अंथरुणाला खिळलेली. मागच्या खोलीच्या भिंतीतला पाइप फुटला तेव्हा बाई गिऱ्हाइकाकडे मापं घ्यायला गेल्या होत्या. परत आल्या तर सासूच्या पलंगाचे पाय पाण्यात, भिंतीचा गिलावा गादीशेजारी पडलेला, आणि म्हातारीचा ओरडून ओरडून घसा बसलेला.

पोपडे पोचले तेव्हा खोली लख्ख पुसलेली होती. भिंत बुजवलेली, गिलावा टाकून दिलेला.

“पाइप कुठाय?”

“प्लंबर घेऊन गेला. पाहुणे येणार म्हटल्यावर घर असं कसं ठेवायचं?”

“पाहुणे कोण?”

“तुम्हीच की.”

पोपड्यांनी वही उघडली नाही. आवरलेलं घर हे त्यांच्या धंद्यात सगळ्यात अवघड घर. भिंतीला तळहात लावला, यंत्राने ओल मोजली, कोपऱ्यातले उरलेसुरले पोपडे काढले. मागची खोली अजून ओली, म्हणून सासूचा पलंग आता शिलाईच्या खोलीत होता, मशीन बोळात. बोळात कापड पसरायला जागा नव्हती, म्हणून काम बंद. थोरल्या दिरांनी निरोप धाडला होता: खोली दुरुस्त होत नसेल तर आईला आमच्याकडे पाठव.

“मी नाही जायची,” पलंगावरून आवाज आला. “तिथे मला भिंतीकडे तोंड करून निजवतात. काही लागलं तर म्हणे घंटी वाजवा. मी काय शाळेतला शिपाई आहे?”

मग पोपडे स्वयंपाकघरात गेले. सिंकखालच्या कपाटात पातेलं होतं. त्यांनी ते उचललं. खाली फळी काळी पडून फुगली होती आणि पातेल्याच्या बुडाचं गोल वर्तुळ उमटलं होतं.

“हे कधीपासून?”

बाई काही बोलायच्या आत सासू बोलली. “सांग की, तीन महिने! रोज टपटप, टपटप. हिला म्हणते बघ जरा, तर म्हणते शिवणाची घाई आहे. आता आले ना साहेब बघायला?”

बाईंनी भिंतीला हात टेकला. पोपड्यांनी आता वही उघडली आणि वाक्य जसंच्या तसं लिहिलं. वाचून दाखवलं. सासूने अंगठा दिला, मग सुनेचा चेहरा पाहिला आणि गप्प झाली.

“म्हणजे गेलं,” बाई म्हणाल्या.

“पाइप पाहिल्याशिवाय मला काही म्हणता येत नाही.”

प्लंबरच्या दुकानामागे भंगाराचे तीन ढीग होते. “घ्या साहेब, आवडेल तो घ्या,” प्लंबर म्हणाला, “सगळे फुटकेच आहेत.”

“मला त्यांचाच हवा.”

“त्यावर काय नाव कोरलंय?”

पोपडे बाही वर करून खाली बसले. तासाभराने एक चिरलेला लोखंडी तुकडा हाती आला. गंज नव्हता, कडा बाहेर वळलेल्या. त्याच्या जोडाला गिलाव्याचा गठ्ठा चिकटून होता आणि त्यावर रंगाचे तीन थर: वर हिरवा, मधे सायीसारखा, खाली निळा. पोपड्यांनी खिशातलं पाकीट काढलं. त्या खोलीतल्या पोपड्यांवर तेच तीन थर, त्याच क्रमाने होते. प्लंबरने दोन्हीकडे पाहिलं. “कोरलंय म्हणायचं,” तो म्हणाला आणि पाइप आपणच कापल्याचं लिहून दिलं.

क्लेम विभागाच्या बाईंनी रिपोर्ट वाचून कपाळाला हात लावला. “सासूबाईंचं वाक्य कशाला घातलंत? बाकी सगळं स्वच्छ आहे. तपासणीवाला नेमकं तेवढंच वाचेल. काढून टाका, मी आज सही करते.”

“त्या बोलल्या आहेत.”

“अहो, तुम्ही क्लेमच्या बाजूने आहात की विरोधात?”

“म्हणून पाइप आणलाय,” पोपडे म्हणाले. त्यांनी कागदात गुंडाळलेला तुकडा टेबलावर ठेवला, शेजारी पाकीट, शेजारी सिंकखालचा फोटो. वाक्य पातेल्याचं आहे आणि पाइप खोलीचा, हे रिपोर्टात दोन पानं भरून लिहिलेलं होतं. फाइल तपासणीवाल्याकडून दोनदा परत आली. पोपड्यांनी दोनदा उत्तर लिहिलं. तिसऱ्यांदा ती मंजूर होऊन आली: मागच्या खोलीची भरपाई द्यावी, स्वयंपाकघरातल्या कपाटाची देऊ नये.

अशा वेळी पत्र जातं. पोपडे स्वतः गेले.

बाईंनी दार उघडलं आणि हळूच म्हणाल्या, “त्या दिवसापासून त्या बोलतच नाहीत. खा म्हटलं तर मान हलवतात. काल दिरांचा फोन आला, तर जाते म्हणून मान डोलावली.”

पोपडे पलंगाजवळ उभे राहिले. “आजी, तुम्ही म्हणालात ते मी सगळं लिहिलं.”

म्हातारीने डोळे मिटले.

“टपटपसुद्धा लिहिलं. तरी मंजूर झालं. तुमच्या बोलण्याने काहीच बिघडलं नव्हतं. खोली होईल, पलंग परत आत जाईल.”

म्हातारीने डोळे उघडले. मग तिने विचारलं, “आणि कपाट?”

“ते नाही.”

“का?”

“तीन महिने पातेलं ठेवलंत ना.”

म्हातारीने मान वळवून सुनेकडे पाहिलं. “मी सांगत नव्हते?” आवाज खरखरीत निघाला. “उभं काय करून ठेवलंयस त्यांना? खुर्ची दे.”

बाईंनी बोळातून मशीनची खुर्ची आणली. पोपडे बसले आणि दिलेलं पाणी प्यायले.