मंगळम् झालं नाही अजून

"बसा की अस्की, मंगळम् झालं नाही अजून!"

टाळांची दोरी बोटाला गुंडाळत अक्का हे म्हणायची आणि उठू पाहणारा माणूस निमूट परत मांडी घालायचा. 'अस्की' म्हणजे सगळे. आम्हा तंजावरकडच्या माणसांची मराठी ऐकून तुम्ही पुण्यामुंबईची मंडळी गालात हसता, ते ठाऊक आहे मला. हसा बापडे. पण मंगळम् काय ते आधी ऐका. आमच्याकडे भजनाच्या शेवटी देवाचं मंगल चिंतणारं एक गाणं म्हणतात. ते झालं की भजन संपलं. मग पुढे एक ओळसुद्धा गायची नाही. उकडलेल्या हरभऱ्याचं सुंडल द्रोणात घ्यायचं आणि आपापल्या घरी जायचं.

कुंभकोणमला आमच्या गल्लीत दर शनिवारी संध्याकाळी अक्काच्या घरी भजन असे. ती गल्लीत सगळ्यांचीच अक्का. शाळेत गणित शिकवायची. तिच्या वडिलांचं पाठांतर मरुदानल्लूरच्या भजनी परंपरेच्या वळणाचं. ते सगळं हिच्या गळ्यात उतरलेलं. तेलुगू, संस्कृत, मराठी, तमिळ, एकामागून एक गाणी, समोर कागदाचा कपटा नाही. ती एक ओळ म्हणायची, आम्ही तीच मागून म्हणायचो. आमच्या भजनाची रीतच तशी. पुढे गाणारा एक, मागे बाकी सगळे.

चाळिशी ओलांडली तेव्हा तिचे सांधे सुजायला लागले. गालांवर लाल चट्टे उठले. उन्हातून आली की अंगात कणकण. बरेच डॉक्टर झाल्यावर एकाने नाव सांगितलं, ल्युपस. शरीराची राखण करणारी शक्तीच शरीरावर उलटते, असं त्याने समजावलं. अक्का म्हणाली, "कुंपणच शेत खातं, असं सांगा की. एवढं इंग्रजी कशाला?"

गोळ्यांनी तिचं तोंड गोल झालं. भाजीबाजारात ओळखीच्या बायका म्हणायच्या, "तब्येत छान सुधारली हो!" अक्का हसून "होव" म्हणायची. घरी येऊन रडायची. दुखण्यापेक्षा हे हसणं तिला जड जायचं.

आणि मग डोक्यात धुकं शिरलं. हा तिचाच शब्द. फळ्यावर गणित अर्धं सोडवून ती खडू हातात धरून उभी राहू लागली. दोन वर्षं शिकवलेल्या मुलींची नावं आठवेनात. तिने शाळा सोडली. तंजावरच्या डॉक्टरांकडे मी सोबत गेले होते. ते म्हणाले, "शंभरातून सात वजा करत खाली या." गणिताची बाई ती! त्र्याण्णववर आली, शहाऐंशीवर आली आणि अडकली. मग तिने मांडीवर हात ठेवला. "सात मात्रांचा ताल धरते, चालेल की?" आणि थाप मारायला लागली. एक मात्रा इकडची तिकडे झाली नाही. डॉक्टर हसले. परतीच्या वाटेवर मात्र ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. सुंदरपेरुमाळ कोयिलचं स्टेशन गेलं, स्वामिमलैचं गेलं, तरी तिने तोंड वळवलं नाही.

काही दिवस ती दारच उघडत नसे. मी कडी वाजवली की आतून तिचाच आवाज यायचा, "अक्का घरी नाही." मी कॉफीचं भांडं, आमचा डबरा, ओट्यावर ठेवायचे आणि सांगायचे, "आली की तिला दे." संध्याकाळी डबरा धुऊन माझ्या दारात असायचा. म्हणजे अक्का घरी आली.

शनिवार मात्र तिने कधी चुकवला नाही. उरलं होतं तेवढंच तिचं.

एका शनिवारी भजन पुरतं अर्ध्यावरही आलं नव्हतं आणि अक्काने मंगळम् धरलं. आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली. पण पुढचा म्हणतो ते मागच्याने म्हणायचं. म्हटलं. संपलं. आत सुंडलाच्या कुकरची शिटीसुद्धा झाली नव्हती. अक्काला कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. पण लगेच म्हणाली, "एक दिवस देवही लौकर निजू दे की!" सगळे हसले. ती हसली नाही.

मृदंगवाले मामा आमच्यात वडील. ते ओट्यावर चपला घालताना म्हणाले, "पुढे गायला आता दुसरं कोणी बघायला पाहिजे." खिडकी उघडी होती. मला त्यांचा असा राग आला की विचारू नका.

पुढच्या शनिवारी अक्काने टाळ मामांपुढे ठेवले. "शाळा गेली, ऊन गेलं, नावं गेली. हेही घ्या."

मामांनी ते उचलून तिच्या हातात परत दिले आणि म्हणाले, "तू अडलीस की आम्ही आधी म्हणू, तू मागून म्हण. कुणी पाहिलंय?"

अक्काने टाळांची दोरी बोटाला गुंडाळली. म्हणाली, "मंगळम् तुम्हीच म्हणा. ते मजजवळ नको. बाकी माझं."

तेव्हापासून असंच चाललं. चाल तिची कधी चुकली नाही. शब्द हरवला की ती नुसते टाळ वाजवायची, मामा तो शब्द असा पुढे सरकवायचे की पाहुण्याला कळू नये. स्वतःवर थोडी हसायलाही लागली. आणि कोणी घाई केली की होतंच, "बसा की, मंगळम् झालं नाही अजून!"

दुखणं मूत्रपिंडावर गेलं. शेवटचं भेटले तेव्हा ती मला ओळखते की नाही, कळत नव्हतं. डोळे मिटून ती काहीतरी गुणगुणत होती. कान जवळ नेला. मंगळम् होतं.

मी म्हटलं, "अक्का, वेळ आहे अजून."

तिने डोळे उघडले. "होव की?" म्हणाली. "मग बस."

मी बसले. त्यानंतर ती चार दिवस होती.

तेराव्यानंतरच्या शनिवारी आम्ही तिच्याच घरी जमलो. तिच्या जागी टाळ ठेवले होते. पुढची ओळ मामा म्हणत होते, आम्ही मागून. आत सुंडल केव्हाच तयार झालं होतं. शेवटी मंगळम् आलं. ते तर आमच्याचकडे सोपवलेलं. सगळ्यांनी मिळून नीट, शेवटपर्यंत म्हटलं.

मंगळम् झालं की उठायचं असतं. कोणी उठलं नाही.