मावससासूंची पुस्तकफेरी

सोलापुरातल्या एकूण एक वाचनालयांचा कारभार माझ्या मावससासूंच्या धाकानं चालतो, असं माझं ठाम मत आहे. रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून उभी हयात काढल्यावर त्यांनी घरी स्वस्थ बसावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती. त्यांनी त्याऐवजी शहरातली वाचनालयं आणि पुस्तकांची दुकानं सायकलवरून दाखवायची फेरी काढली. दर रविवारी सकाळी सहाला पार्क चौकात जमायचं, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेल्या मावशींच्या मागं निघायचं आणि ऊन तापायच्या आत परतायचं; त्यांच्या धाकानं वाचनालयं आणि दुकानंही तेवढ्या लवकर उघडत. मी पडलो जावई. मला नाही म्हणायची सोयच नव्हती.

निघण्याआधी त्या प्रत्येकासमोर हात पसरत. "कार्ड?" म्हणजे कुठल्या तरी वाचनालयाचं सभासदकार्ड. ते नसेल त्याला विनातिकीट प्रवाशासारखं बाजूला उभं करत आणि पहिल्याच वाचनालयात अर्ज भरायला लावत. एका बँक मॅनेजरनं "मी मोबाइलवर वाचतो" असं सांगून पाहिलं. "वाचा की," मावशी म्हणाल्या, "पण ही फेरी पुस्तकांची हाय. मोबाइलची निघंल तवा कळवते." त्यांचं माहेर सांगोल्याकडचं, वडील मेंढरं राखायचे. त्यामुळे प्रत्येक चौकात त्या पाठीवर थाप मारत आम्हाला मोजत. आमच्यात एक निवृत्त न्यायाधीश होते. थाप त्यांनाही चुकली नाही.

त्यांची माहितीही जगावेगळी. वाचनालय कुणी स्थापन केलं वगैरे त्या सांगत नसत. "हितला पंखा लई कुरकुरतो, कविता घेऊन बसू नका." "ह्या दुकानदाराला पुस्तकाचं नाव सांगू नका, विषय सांगा. शोधायला मिळालं की खूश असतो." एका दुकानात पुस्तकांवर ऊन पडत होतं, तर मालकानं पडदा लावेपर्यंत त्यांनी आमची अख्खी फेरी त्याच्या दारात उभी केली.

फेरी संपायची ती पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीतल्या एका लहानशा वाचनालयात. तिथं मराठी आणि तेलुगू पुस्तकं एकाच कपाटात दाटीवाटीनं राहत. गेल्या उन्हाळ्यात तिथल्या म्हाताऱ्या ग्रंथपालांनी पाणी देता देता सांगितलं, "पुढच्या महिन्यात बंद होतंय, अम्मा. इमारत पाडणार म्हणे. वाचायला येतंय तरी कोण?"

"हे काय, आमी चौदा जण आलोय की!"

"तुम्ही रविवारचे, अम्मा."

मावशींनी वाचकांच्या सह्यांची वही मागून घेतली आणि तिची कोरी पानं उलटून पाहिली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आमच्या पाळ्या लावल्या. रोज दोघांनी तिथं तासभर वाचायचं आणि वहीत सही करायची. न्यायाधीशांनी अर्ज लिहिला, मॅनेजर तो घेऊन कचेऱ्या फिरला. महिनाभरात वही सह्यांनी भरली, पण इमारत पडायची ती पडणारच होती. एवढंच झालं, की पुस्तकं रद्दीत न जाता शहरातल्या एका मोठ्या वाचनालयानं घेतली.

न्यायला टेम्पो आला, तर मावशी त्याच्यापुढं सायकल आडवी घालून उभ्या राहिल्या. "टेम्पोत फेकाफेकी व्हती. आमी नेतो." चौदा सायकली, सुतळीनं बांधलेले गठ्ठे, भर उन्हात तीन खेपा! ग्रंथपाल दारात उभे राहून प्रत्येक गठ्ठ्याला हात लावत होते. शेवटचा गठ्ठा तेलुगू पुस्तकांचा होता. तो मावशींनी स्वतःच्या कॅरिअरला बांधला. त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही.

फेरी आता मोठ्या वाचनालयापाशीच संपवावी, असं मी परवाच्या रविवारी सुचवलं. मावशी सरळ त्या जुन्या गल्लीत वळल्या. तिथं आता पत्रे ठोकलेत. मावशींनी सायकल त्या पत्र्यांना टेकवली. कुणाकडंही न बघता त्या म्हणाल्या, "हितं लई गार वाटायचं."