जुन्या फॉन्टमधली लग्नपत्रिका

मी चौथी शिकलो. पण मला अक्षरं उलटी वाचता येतात, ती भल्या भल्या मास्तरांना येत नाहीत. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून जन्म गेला की आरशातलं वाचन आपोआप येतं. औरंगाबादला गारखेड्यात आमच्या घराची पुढची खोली म्हणजेच आमचा छापखाना. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दहाव्याचे कागद. पुढं खिळे मोडीत गेले आणि कॉम्प्युटर आला. मी म्हणालो, हे मला जमायचं नाय. बायको म्हणाली, "मग मी शिकते. तुम्ही चहा करायचं शिका." दोघंही शिकलो. तिचं शिकणं जास्त चांगलं झालं.

त्या एकाच कॉम्प्युटरवर ती वीसेक वर्षं पत्रिका जुळवत राहिली. नवा घ्या म्हणून लई जणांनी सांगितलं. तिनं ऐकलं नाही. कारण साधं होतं. सिल्लोडकडचं गिऱ्हाईक थोरल्याची पत्रिका हातात घेऊन यायचं. "धाकट्याची अशीच काढा, वहिनी. फक्त नवरी बदला." निमंत्रकांच्या नावांचा क्रम भावकीनं आठ दिवस भांडून ठरवलेला असतो. एक नाव खाली सरकलं तर माणूस मांडवात जेवत नाही. ती नावं परत टाइप करायची म्हणजे परत भांडण. तिच्याकडं जुनी फाइल जशीच्या तशी उघडायची. हीच आमच्या छापखान्याची अब्रू.

शेजारचा झेरॉक्सवाला थट्टा करायचा, "वहिनी, हे धूड म्युझियमला द्या."

"देते. आधी तुमच्या नव्यावर माझी जुनी फाइल उघडून दाखवा."

तो चहा पिऊन जायचा.

त्या कॉम्प्युटरला तिनं इंटरनेट लावू दिलं नाही. फॉन्ट नवा घालू दिला नाही. काम नसलं तरी रोज सकाळी तो चालू करून पाच मिनिटं चालवायची, मग फडक्यानं पुसून बंद करायची.

गेल्या वर्षी ती गेली. त्यावर जास्त लिहीत नाही. मी कॉम्प्युटरवर तिचंच एक जुनं पातळ टाकलं आणि आठ महिने त्या खोलीत बसलो नाही.

मग नातीचं, म्हणजे मुलाच्या मुलीचं, लग्न ठरलं. आमच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका बायकोनं जुळवली होती. भोवतीची आंब्याच्या पानांची नक्षी तिनं तीन दिवस बसून केलेली. नातीची पत्रिका त्याच जुळणीतून निघावी, एवढंच मला पाहिजे होतं. बाकी लग्नात पोरांनी काय करायचं ते करावं. पातळ काढलं, बटण दाबलं. आत पंखा खडखडला आणि पडदा काळाच राहिला. चूक माझीच. तिचं पाच मिनिटांचं काम मी आठ महिने केलं नव्हतं.

नात पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ती आली. फाइलींची सीडी आजीनं करून ठेवली होती, ती तिनं आपल्या कॉम्प्युटरवर लावली. नक्षी जागेवर आली, पण नावांच्या जागी नुसते इंग्रजी आकडे, अक्षरं आणि डॉलर.

"फॉन्ट नाही ना, म्हणून," ती म्हणाली. "मी सगळं नव्यानं टाइप करते, आबा. तासाचं काम."

"तासाचं असो नाहीतर मिनिटाचं. ती तुझी पत्रिका होईल. मला तिची पाहिजे."

"लग्न माझं आहे."

"व्हय. छापखाना माझा आहे."

ती हसली आणि दुपारी गुलमंडीवरच्या एका ओळखीच्याकडून त्याच नावाचा फॉन्ट घेऊन आली. घातला. ओळी मराठीत आल्या, पण अर्ध्याच बरोबर. जोडाक्षरं भलतीच, ळ पाहिजे तिथं चौकोन. नात म्हणाली, फाइल खराब झाली असणार.

मी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. चूक होती ती सगळीकडं सारखीच होती. जिथं जिथं ळ, तिथं तिथं चौकोन. उंदरानं कुरतडलेला कागद असा हिशेबानं फाटत नाही.

"फाइल चांगली आहे," मी म्हणालो. "फॉन्ट दुसऱ्या ओतणीचा आहे."

आमच्या वेळी एकाच नावाचे खिळे दोन कारखान्यांतून यायचे. दिसायला भाऊ-भाऊ, पण एकाची उंची केसभर कमी. एका ओळीत मिसळले की अर्धी ओळ छापायची, अर्धी नाही. हे मी नातीला सांगितलं.

"आबा, मी दिवसभर ऑफिसात हेच निस्तरते. गिऱ्हाईक जुन्या सिस्टिमवर असतं आणि आमचं सॉफ्टवेअर दुसऱ्यानं बनवलेल्या तुकड्यांवर उभं असतं. तुकड्याचं नाव तेच, आवृत्ती नवी, की सगळं कोसळतं. आणि तुम्ही मला चौथीतून शिकवताय."

"चौथी पास आहे. नापास नाही."

म्हणजे आजीच्याच कॉम्प्युटरमधला फॉन्ट पाहिजे होता. नातीनं स्क्रू काढून आतली डिस्क सोडवली आणि वायरनं आपल्या कॉम्प्युटरला जोडली. डिस्क फिरल्याचा आवाज आला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. नव्या सिस्टिमनं तो जुना फॉन्ट घ्यायला नकार दिला. तेव्हा नातीनं नव्या कॉम्प्युटरच्या पोटातच एक जुना कॉम्प्युटर तयार केला, तीच जुनी सिस्टिम, तेच सॉफ्टवेअर. एका खिडकीत आमच्या जुन्या कॉम्प्युटरचा निळा पडदा दिसायला लागला. दोन दिवस गेले त्यात. तिसऱ्या दिवशी फाइल उघडली. सगळी अक्षरं जागेवर.

आता बदल. नवरा-नवरीची आणि त्यांच्या आईवडिलांची नावं तिनं बदलली. पत्त्यात औरंगाबाद होतं, तिथं छत्रपती संभाजीनगर आलं आणि ओळ नक्षीत घुसली. मी शब्दांमधल्या जागा कमी करायला लावल्या. बसली.

मग ती थांबली. निमंत्रकांत पहिल्या ओळीला माझं नाव आणि शेजारी सौ. लावून आजीचं.

"आबा, हे असंच राहू द्यायचं का? कोणी काही म्हणणार नाही."

"भावकी म्हणेल. मेलेलं माणूस आमंत्रण देत नसतं. वर ने, आशीर्वादाच्या ओळीत. सौ. काढू नको, मी जिवंत असताना गेली ती. त्याच्या आधी कै. लाव."

"तुम्ही लावता?"

बायकोनं मला कधी त्या की-बोर्डाला हात लावू दिला नव्हता. नातीनं नाव वर नेलं आणि मला कळा दाखवल्या. मी एका बोटानं कै आणि पुढं टिंब लावलं. त्याच फॉन्टमध्ये, तिच्याच बाकीच्या अक्षरांच्या उंचीला ते बरोबर बसलं. वरखाली काही नाही. मी नातीला म्हणालो, छाप.