आत्याचे हिवर

पहिल्याच भेटीत कौसाआत्यानं माझ्या तळहातावर मूठभर लेंडीखत ठेवलं. "हुंग."

मी औरंगाबादच्या इंग्रजी शाळेतली, चारचौघांत तोंड न उघडणारी. श्वास धरूनच हुंगलं. वास नुसत्या मातीचा होता.

"घाण येत न्हाई ना? मग मुरलंय. घाण मारतंय ते कच्चं. मानसाचंबी तसंच."

घाटनांदूरच्या तिच्या रानात ज्वारीत हिवराची अकरा झाडं उभी होती. त्यांच्या शेंगा शेळ्या खायच्या, लेंड्या आणि पाला खड्ड्यात कुजायचा, आणि तेच खत पुन्हा ज्वारीला. "भायेरून मी फकस्त पाऊस घेते," ती म्हणायची.

आत्या विधवा, मूलबाळ नाही. रान दिराबरोबर सामाईक. तालुक्याला तेव्हा खताची नवी दुकानं निघत होती, आणि या दिरानं, दिनकरमामांनी, आपल्या अर्ध्यातली झाडं काढून युरिया सुरू केला होता. दिवाळीच्या सुट्टीत मी तिथं असताना ते बांधावर येऊन म्हणाले, "वैनी, सावलीत पिकतंय व्हय कुठं? खळ्यावर मोजू. तुमचं कमी भरलं तर हिवर तोडायचे. बोला!"

आत्या हसली, आणि पाटी उचलून खड्ड्याकडे गेली.

मार्चमध्ये परीक्षा संपवून मी गेले, तर वही माझ्याच हातात आली. मामांची नऊ पोती भरली, आत्याची सात. मामा कुऱ्हाड घेऊनच आले होते.

"लिही पोरी, सात," आत्या म्हणाली. "लपवायचं काय त्यात? फकस्त नवातनं युरिया वजा कर, आन माज्या सातात शेळ्यांचं दूध धर."

"ते काय न्हाई. शर्त म्हंजी शर्त!"

"शर्त तुमी लावली, भावजी. मी हो कवा म्हनले?"

"ही पोरगी हुती की तितं! इचारा तिला."

खळं माझ्याकडे वळलं. मला घाम फुटला. ते हसणं म्हणजे होकार, असं सगळ्यांनीच धरलं होतं. मीसुद्धा.

"आत्या हो म्हणाली नव्हती," मी म्हणाले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच ठाऊक नव्हतं.

"शिकलेली पोरगी, आन अशी?" मामा चरफडले.

"मुरली," आत्या म्हणाली.

पुढं बऱ्याच वर्षांनी, जाताना तिनं आपला वाटा माझ्या नावावर केला. तेरावं उरकलं आणि मामांचा फोन आला, "पोरी, आता तरी तोडू का?"

या वेळी घाम फुटला नाही.