शुक्रवारवाली

"ताई, डोक्यात कापूस आहे तुमच्या," मॅडम म्हणाल्या, आणि दोन बोटांच्या चिमटीत माझ्या केसांतला पुंजका उचलून सगळ्यांना दिसेल असा धरला. मग हसून म्हणाल्या, "शुक्रवारवाल्यांनी मागे उभं राहा. फोटोत पुढचे चेहरे नीट यायला हवेत."

आमच्या मंडळीचा वर्धापनदिन होता. मी पाळी संपवून तशीच चर्चला आले होते. मी कांडी भरते, म्हणजे लूमच्या, कापड विणायच्या मागाच्या, धोट्यात बसते ती सुताची नळी. कापूस अंगावर राहतोच. मी मागे गेले. कुणी ढकललं नाही, पाय आपले आपणच गेले. त्याचाच राग जास्त येतो.

पुढे मधोमध मॅडम. मंडळीचा कारभार बघायला मंडळीच माणसं निवडते, त्यांना आमच्यात वडील म्हणतात. बाई असली तरी वडीलच. मॅडम वडील आहेत. प्रभुभोजनाच्या दिवशी भाकरीचं ताट त्यांच्या हातात असतं. ते हात बघून माझ्या पोटात दुखतं. हेवा पाप आहे, असं पाळक, आमचे धर्मगुरू, सांगतात. असेल. मला हेवा वाटतो, आणि कशाचा वाटतो ते सांगते.

माझं माहेर दिघाशी. गावच्या जत्रेत आमच्या माणसांनी वाजवायचं आणि प्रसाद लांबून झेलायचा. लग्न होऊन भिवंडीत टेमघरला आले, कांडीच्या मशीनवर बसले. हेच पाळक तेव्हा ठाण्याहून यायचे, आमच्या चाळीत दोन-तीन घरी प्रार्थना करायचे. जागा पुरेना. तेव्हा आमच्या लूमच्या मालकांनी, चाचांनी, कारखान्याची चावी माझ्या हातात दिली. म्हणाले, "जुम्मे को लूम बंद रहता है. तुम लोग भी अपनी दुआ कर लो."

भिवंडीत लूमची सुट्टी शुक्रवारी. म्हणून आमची उपासनाही शुक्रवारी. इतर दिवशी त्या खटखटाटात शेजारचा काय बोलतो ते कळत नाही, शुक्रवारी तिथे आम्ही गायचो. दोन लूमच्या मधल्या बोळात गोणपाट टाकून बसायचो. प्रभुभोजनाला तांदळाची भाकरी, मी थापलेली. पाळक ती मोडायचे आणि सगळ्यांना द्यायचे. लांबून झेलायची नाही, हातात.

पाळकांनी सांगितलं, ही प्रेस्बिटेरियन मंडळी. हा शब्द आमच्या तोंडात मावेना. मी आपलं 'प्रेस' म्हणायचे, तर शेजारणीला वाटलं मला इस्त्रीचं काम लागलं. तिने दोन साड्या आणून दिल्या. पण पाळकांनी पुढे जे सांगितलं ते मी विसरले नाही. इथे वरून कुणी साहेब नेमत नाही. वडील मंडळीतूनच येतात, मंडळीच निवडते. मला आयुष्यात कुणी काही निवडायला सांगितलं नव्हतं. मला निवडतील, हे तर मनातही आलं नव्हतं. त्या दिवशी आलं, आणि आलं ते गेलंच नाही.

मग शहराबाहेर मोठाली गोदामं झाली. त्यांचे मॅनेजर, सुपरवायझर इमारतींत राहायला आले. त्यांच्यात ख्रिस्ती घरं होती, आजोबापणजोबांपासूनची. ती आमच्यात आली, मॅडमचं त्यांतलंच. मला आनंद झाला, खोटं का बोलू. मंडळी वाढली, हॉल मिळाला, पंखे आले, पेटीच्या जागी कीबोर्ड आला. आणि उपासना रविवारी गेली. जगात सगळीकडे रविवारीच असते, असं मॅडम म्हणाल्या. रविवारी लूम चालू. यायचं म्हणजे खाडा, नाहीतर पाळीची अदलाबदल. आमची माणसं गळायला लागली. जी राहिली त्यांना नाव पडलं, शुक्रवारवाले.

वडील निवडायची वेळ आली तेव्हा एका बाईने माझं नाव घेतलं. मॅडम गोड आवाजात म्हणाल्या की ताई भल्या आहेत, पण वडील दर रविवारी हजर हवेत, ताईंना ते जमत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. वार बदलला त्यांनी, गैरहजर ठरले मी. आणि निवडून आल्या त्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो मी तेव्हा पाहिला.

फोटो झाल्यावर मॅडम माइकवर आल्या. म्हणाल्या, याच हॉलमध्ये, पहिल्या रविवारच्या उपासनेत आपल्या मंडळीचा जन्म झाला.

मी पाळकांकडे पाहिलं. त्यांना ठाऊक होतं. ते बायबलची पानं चाळत राहिले.

मी उठले. "मॅडम, मंडळी शुक्रवारी जन्मली. लूमवर. तवा तुमी नव्हता."

"ताई, बसा. उपासना चालू आहे."

"बसनार न्हाय."

आणि नाही बसले. शेवटच्या गीतापर्यंत उभी राहिले. मागच्या रांगेतून आणखी एक-दोघं उठली.

बाहेर पाळक जवळ आले. त्यांनी समजूत घातली, की इतिहास कोण विसरतंय, मन मोठं करा. मी म्हटलं, येत्या निवडीला माझं नाव मीच देणार. ते चपापले. "वडीलपण मागायचं नसतं, ताई. ते मिळतं."

"त्यांना मिळालं," मी म्हटलं. "मी मागते."

चाचांशी बोलून घेतलं आहे. रविवारची माझी पाळी आता दुसरी बाई करते, तिची शनिवारची मी. गळालेल्या माणसांच्या घरी जायला लागले आहे. काही येतील, काही येणार नाहीत. हरले तर पुढच्या निवडीला पुन्हा उभी राहीन, त्याच्या पुढच्याही. हेवा गेलेला नाही, आणि तो जावा म्हणून मी प्रार्थनाही करत नाही. मत मागायला सगळ्यांच्या दारी जाणार आहे. पहिलं दार मॅडमचं. नाही म्हणायचं तर त्यांनी ते माझ्या तोंडावर म्हणावं.