सहावा अल्बम आणि उजवा स्पीकर

आमच्या आवडत्या डेथ मेटल बँडचा सहावा अल्बम मी अर्धाच ऐकला आणि तो भिकार असल्याचं जाहीर करून टाकलं. अर्धा म्हणजे पहिली चार गाणी नव्हेत. सगळी गाणी, पण नुसत्या डाव्या स्पीकरमधून. एप्रिलमध्ये कूलर बसवताना उजव्याची वायर निघाली होती.

कळणार कसं? मी एरवी ऐकायचो ते पहिले दोन अल्बम. त्यांत गाणारा गुरगुरतो आणि गिटारी दोन्ही बाजूंनी एकच भिंत रचतात. निम्मी पडली तरी उरते ती भिंतच. तिसऱ्यापासून बँड बदलत गेला. मध्येच साधी गिटार, मग मोकळ्या गळ्याचं गाणं, मग बासरी. सहाव्यात गुरगुर जवळजवळ संपली. एक वाद्य डावीकडून विचारतं, दुसरं उजवीकडून उत्तर देतं. माझ्या वाट्याला नुसते प्रश्न आले. हा अल्बम डोक्यावर घेतलेल्या मित्राला मी लांबलचक मेसेज पाठवला: ही मंडळी म्हातारी झाली, आणि ज्याला हे आवडतं तोही.

मित्र आमच्याच शहरात, हुडकेश्वरला राहतो. कॉलेजपासून हा बँड आम्ही दोघं मिळून ऐकत आलो. बँड बंगळुरूला येणार होता आणि त्याच्याकडे दोन तिकिटं होती. दुसरं माझं, हे इतकं गृहीत की विषयही निघाला नव्हता. मेसेजनंतर तो बोलेनासाच झाला.

जुलैत कूलर काढला तेव्हा लोंबणारी वायर दिसली. जोडली, अल्बम लावला, आणि खालीच बसलो. उजवीकडून बासरी आली ती थेट छातीत. तरी लाज सोडून सांगतो, मन गुरगुर शोधतच होतं. कानांना किती समजावलं, ऐकतील तर शपथ!

संध्याकाळी त्याच्या दारात जाऊन सगळं कबूल केलं.

"आता पूर्ण ऐकला?"

"ऐकला गा. भारी आहे. फक्त एखादं गाणं जुन्यासारखं असतं, तर..."

जीभ चावली, पण उशिरा.

"दुसरं तिकीट?" मी हळूच विचारलं.

"बायकोले घेऊन जाऊन राहिलो."

"वहिनीले? त्यायले मेटलमधलं काय समजते?"

"काहीच नाही समजत. पण तिले ते माहीत तरी आहे."